लोखंडाची वंशावळ

जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं मर्सिडीझ-बेंझ कंपनीच्या संग्रहालयांत ५ मे २०२२ रोजीं मोजक्या निमंत्रितांसमोर एका मोटारीचा लिलांव झाला. मोटार १९५५ सालची, दोघांनाच बसतां येईल अशी, आणि तिच्या जातीच्या अवघ्या दोनच घडविलेल्या. ज्या अभियंत्याच्या देखरेखीखालीं ती तयार झाली, त्या रुडॉल्फ ऊलेनहाऊट याच्या नांवानेंच ती ओळखली जाते. बोली थांबली तेव्हां आंकडा १३ कोटि ५० लक्ष युरोंवर गेला होता. आपल्या रुपयांत ही रक्कम हजार कोटींच्या वर जाते. तोंवर कोणत्याहि मोटारीस एवढी किंमत आलेली नव्हती.

अशी वार्ता भरल्या घरांत मोठ्यानें वाचून दाखवावी आणि मग प्रत्येक पिढीचें मत ऐकावें, यासारखी करमणूक नाहीं. आजोबा त्या पैशांत किती विहिरी खणल्या गेल्या असत्या याचा हिशेब मांडतात, कर्ता पुरुष व्याजाचा दर काढतो, मुलांस ती किती वेगानें पळते एवढेंच हवें असतें (ताशीं २९० किलोमीटरच्या घरांत, असें त्यांस सांगावें), आणि स्वयंपाकघरांतून एक साधाच प्रश्न येतो, "तिच्यांत बसून कोणी कोठें जाणार आहे का?" आमच्या मतें या चौघांत शेवटचा प्रश्नच खरा मर्मावर बोट ठेवणारा आहे. कारण ज्या वस्तूचा उपयोग करावयाचा नाहीं, तिच्यासाठीं माणूस एवढें धन कां मोजतो, याचा उलगडा झाल्यावांचून बाकीचे हिशेब निरर्थक ठरतात.

हौसेला मोल नाहीं, ही आपली म्हण येथें सहज तोंडांत येते. परंतु हौसेला मोल नसलें तरी हौशी माणसाला पुष्कळदां हिशेब असतो. शेजाऱ्यावर मात करण्याची इच्छा, नांव वर्तमानपत्रांत यावें ही लालसा, या गोष्टी श्रीमंतांत आहेतच. पण त्या हिऱ्यांनीं भागतात, राजवाड्यांनीं भागतात, त्याकरितां जुनी मोटारच कशास पाहिजे? गुंतवणुकीचें म्हणाल, तर तेंहि उत्तर पूर्ण पटण्याजोगें नाहीं. इंग्लंडांत खासगी मोटारीच्या विक्रींत झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर बसत नाहीं, ही सवलत मोहांत पाडणारी खरी; तथापि जुनी मोटार बाळगणें म्हणजे दारीं हत्ती बांधण्यासारखें आहे. ती उभी राहिली तरी खाते. तिला कोरडी हवा लागते, विमा लागतो, जाणता कारागीर लागतो, आणि व्याज म्हणाल तर एक पैसाहि नाहीं. शिवाय भाव चढतो तसा उतरतोहि. १९८८ सालीं एन्झो फेरारी वारल्यावर त्याच्या गाड्यांवर लोक तुटून पडले. जपानांत त्या वेळीं पैशाला पूर आला होता. आणि पुढील एक-दोन वर्षांत कांहीं गाड्यांचे भाव कोटि डॉलरांपलीकडे गेले. पूर ओसरला, आणि पांच वर्षांच्या आंत त्याच जातीच्या गाड्या त्या भावाच्या एका अंशाला मिळूं लागल्या. निव्वळ व्यापारी बुद्धीचा माणूस अशा वेळीं पाय काढून घेतो. खरे संग्राहक मात्र त्या पडत्या काळांतच शांतपणें खरेदी करीत बसले होते.

ज्या फेरारीचा हा उल्लेख चालला आहे, तिची जन्मकथा थोडी सांगितली पाहिजे. तिचें नांव २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळांत तिच्या सर्व मिळून ३६ गाड्या तयार झाल्या. शर्यतीच्या नियमाप्रमाणें त्या वर्गांत उतरणाऱ्या गाडीच्या निदान शंभर प्रती निघाल्या पाहिजेत, असा दंडक होता. फेरारीनें ही आमच्या पूर्वीच्याच गाडीची सुधारलेली आवृत्ति आहे असें सांगून तो दंडक पार केला. म्हणजे आज जिच्या दुर्मिळपणाचे गोडवे गाइले जातात, तिचा दुर्मिळपणा मुळांत नियमाला दिलेल्या बगलेंतून उत्पन्न झाला! अमेरिकेंत नव्या गाडीची किंमत सुमारें १८,००० डॉलर होती, आणि गिऱ्हाइकाची पसंती स्वतः एन्झो करीत असे. पैसे आहेत म्हणून गाडी मिळेलच असें नव्हतें. मुलगी द्यावयाच्या वेळीं स्थळ पाहावें तसा तो प्रकार होता.

पण शर्यतीच्या गाडीचें तारुण्य क्षणभंगुर असतें. इंजिन पाठीमागें बसविलेल्या नव्या गाड्या आल्या, आणि जीटीओ दोन-तीन वर्षांत म्हातारी ठरली. त्यांपैकीं एक टेक्सास प्रांतांतील व्हिक्टोरिया गांवच्या हायस्कूलला देणगी म्हणून देण्यांत आली. मुलांनीं यंत्रविद्या शिकावी म्हणून तिचे अवयव उघडावे आणि पुन्हा बसवावे, हा हेतु. १९७२ सालीं शाळेनें ती ६,५०० डॉलरांस विकली. शाळेच्या चालकांनीं व्यवहार चांगलाच केला असें त्या दिवशीं कोणीहि म्हटलें असतें. त्याच ३६ भावंडांपैकीं एकीस २०१८ सालीं कॅलिफोर्नियांतील लिलांवांत ४ कोटि ८४ लक्ष डॉलर आले, आणि दुसरीस २०२३ सालीं न्यूयॉर्क येथें ५ कोटि १७ लक्ष.

आतां कोणी म्हणेल कीं, दुर्मिळ वस्तूला भाव येतो, यांत नवल तें काय? नवल असें कीं, ही दुर्मिळता मोडणें आज मुळींच अवघड राहिलेलें नाहीं. जुन्या गाडीचें प्रत्येक वळण यंत्रानें मोजून तिची हुबेहूब प्रत काढतां येते, आणि ती प्रत पुष्कळदां मूळ गाडीपेक्षां अधिक निर्दोष उतरते. हें काम खुद्द मूळ कारखान्यांनींच करून पाहिलें आहे. जॅग्वार कंपनीनें १९६३ सालीं ई-टाइप गाडीच्या हलक्या वजनाच्या १८ प्रती काढण्याचें योजून १८ क्रमांक राखून ठेवले होते. प्रत्यक्षांत १२ च निघाल्या. उरलेल्या सहा क्रमांकांच्या गाड्या कंपनीनें २०१४ सालीं घडविण्यास घेतल्या. तोच कारखाना, तीच आकृति, क्रमांकहि जुन्याच यादींतले! त्यांची किंमत दहा लक्ष पौंडांच्या आसपास होती. परंतु त्या पहिल्या बारांपैकीं एक २०१७ सालीं अमेरिकेंत लिलांवाला आली, तेव्हां तिला ७३ लक्ष डॉलरांवर बोली आली. दोन किंमतींची वजाबाकी वाचकांनीं करून पाहावी. जी बाकी उरते तिच्यांत लोखंड नाहीं, ॲल्युमिनियम नाहीं, वेग नाहीं, सौंदर्यहि नाहीं. कारण तें सर्व नव्या गाडींत आलेलेंच आहे. बाकी उरते ती केवळ घडून गेलेल्या गोष्टींची. ही गाडी त्या दिवशीं त्या ठिकाणीं होती, एवढ्या एका वाक्याची ती किंमत आहे.

हें वाक्य एकदां न्यायालयांत जाऊन तावून सुलाखून निघालेलें आहे, आणि तो खटला आमच्या वाचकांस, विशेषतः वकिली करणाऱ्यांस, मनोरंजक वाटेल. ल मान येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ सालीं एका बेंटले गाडीनें जिंकली. चालक वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन. पुढील वर्षीं बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनीं त्याच गाडीनें ती पुन्हा जिंकली. हा बार्नाटो बेंटले कंपनीचा पैसा पुरविणारा धनीच होता. बापानें किंबर्लीच्या हिऱ्यांत मिळविलेली संपत्ति त्याच्या हातीं होती. १९२९ च्या शर्यतींतील क्रमांकावरून गाडीस 'ओल्ड नंबर वन' असें लाडकें नांव पडलें. १९३२ सालीं तिच्यांत मोठें इंजिन बसवून ती ब्रुकलँड्सच्या शर्यतींत उतरविली. तेथें ती उतारावरून उलटून पलीकडे कोसळली आणि चालक क्लाइव्ह डन्फी जागच्या जागीं ठार झाला. मोडलेली गाडी पुन्हा बांधण्यांत आली, तिला बंद छपराचा डौलदार साज चढला, मालक बदलले, वर्षें लोटलीं. अखेर १९९० च्या सुमारास एका मालकानें ती एका कंपनीस एक कोटि पौंडांस विकण्याचा करार केला. कंपनीनें ऐन वेळीं हात आखडला. तिचें म्हणणें असें कीं, ही गाडी ती नव्हेच. ल मान जिंकणाऱ्या गाडीचे अगदीं थोडे भाग हिच्यांत शिल्लक आहेत, मग हिला तें नांव कसें लावतां?

न्यायमूर्ति ऑटन यांजसमोर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. सांगाडा केव्हां बदलला, इंजिन कोठून आलें, कोणता दांडा कोणत्या सालचा, याचा कीस काढण्यांत आला. मूळ भाग नांवापुरतेच उरले आहेत, हें म्हणणें बव्हंशीं खरें ठरलें. तथापि निकाल विकणाऱ्याच्या बाजूनें लागला. न्यायमूर्तींनीं असें धरिलें कीं, १९२९ सालच्या दिवशीं होती तशीच ही गाडी आहे असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं; परंतु ती कोणत्याहि एका क्षणीं संपली आणि दुसरी जन्मली, असेंहि झालेलें नाहीं. भाग एकामागून एक बदलत गेले, आणि गाडीची गाडी म्हणून असलेली परंपरा अखंड चालत आली. म्हणून तिला 'ओल्ड नंबर वन' म्हणविण्याचा अधिकार आहे.

हा निकाल वाचून आमच्याकडील माणसास आश्चर्य वाटूं नये. नागसेनानें मिलिंद राजास चाक म्हणजे रथ का, आंस म्हणजे रथ का, असें विचारून गोंधळांत टाकिलें, ती कथा आपल्या परिचयाची आहे. आणि तत्त्वज्ञानापर्यंत जावयासहि नको. देवघरांतील टाकांकडे पाहावें. झिजून झिजून आकृति दिसेनाशी झाली म्हणजे जुना टाक विसर्जन करून सोनाराकडून नवा घडवून घेतात. चांदी नवी, घडणावळ नवी. तरी ते आपल्या घरीं सात पिढ्या पूजिलेलेच टाक असतात, आणि शेजारच्या दुकानांतून आणलेला तसाच दुसरा टाक ती जागा घेऊं शकत नाहीं. वाड्याच्या तुळया बदलल्या, कौलें गेलीं, चौकांत फरशी आली, म्हणून वाडा परका होत नाहीं. इंग्रज न्यायाधीशानें कायद्याच्या भाषेंत जें सांगितलें, तें आपल्या घरांतून प्रत्यहीं आचरलें जात आहे. फरक एवढाच कीं, आपण टाकाला बाजारभाव लावीत नाहीं.

एकदां वंशावळीला भाव आला कीं, कागदाला भाव येतो. वतनाच्या वादांत ज्याच्याजवळ सनद तो खरा, हा अनुभव महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. दप्तराच्या रुमालांतून निघालेल्या एका चिठोऱ्यानें घरें तारलीं आणि बुडविलीं आहेत. मोटारींच्या बाबतींत तेंच. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरील क्रमांक, कारखान्याच्या वहींतील नोंद, शर्यतीच्या दिवशीं घेतलेलें छायाचित्र, दुरुस्तीचीं बिलें, हें सर्व एकमेकांशीं जुळलें पाहिजे. जुळलें तर गाडी कुलवंत. एक दुवा तुटला तर किंमत निम्म्यावर. आणि जेथें सनदेला मोल तेथें बनावट सनदा आल्याच. एकाच क्रमांकावर हक्क सांगणाऱ्या दोन गाड्या दोन देशांत उभ्या आहेत, असले तंटेहि या व्यापारांत होत असतात. एकींत मूळ सांगाड्याचा तुकडा, दुसरींत मूळ इंजिन, आणि दोघींचे वकील तेवढे नवे!

कागदाचें सामर्थ्य पाहावयाचें तर एका हिरव्या फोर्ड मस्टँगची हकीकत पाहावी. 'बुलिट' या १९६८ सालच्या अमेरिकन चित्रपटांत स्टीव्ह मॅक्क्वीन या नटानें सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून जी गाडी भरधांव हांकिली, तीच ही. १९७४ सालीं जाहिरात वाचून एका मध्यमवर्गीय कुटुंबानें ती सहा हजार डॉलरांस घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. त्या घरची गृहिणी शिक्षिका होती; ती याच गाडींतून शाळेस जात असे. १९७७ सालीं खुद्द मॅक्क्वीननें पत्र लिहून गाडी परत विकत मागितली, तेव्हां घरच्यांनीं ती दिली नाहीं. पुढें यंत्र बिघडल्यानें ती तशीच कोठारांत पडून राहिली. रंग उडालेला, गंज चढलेला, चित्रीकरणाच्या वेळीं पाडलेलीं भोकें जशींच्या तशीं. हें सर्व पुसून तिला नवी कोरी केली असती तर तिचें दैवच पुसलें गेलें असतें. मुलानें तसें केलें नाहीं. मॅक्क्वीनचें तें पत्र जपून ठेविलेलें होतें, क्रमांक जुळले, आणि जानेवारी २०२० मध्यें फ्लोरिडा येथें तिला ३७ लक्ष ४० हजार डॉलर मिळाले. तीच जात, तेंच साल, तोच रंग असलेली दुसरी मस्टँग त्याच दिवशीं त्याच्या अल्पांशानें मिळाली असती.

धुळीला सुद्धां मोल येतें, हें पश्चिम फ्रान्समधील बायों घराण्याच्या उदाहरणावरून दिसतें. मालमोटारींच्या धंद्यांत पैसा मिळविलेल्या एका गृहस्थानें संग्रहालय काढावयाचें म्हणून पुष्कळ गाड्या जमविल्या. सत्तरांनंतर धंदा बसला, संग्रहालय राहिलें, गाड्या पडव्यांतून सडत पडल्या. नातवंडांच्या हातीं वारसा आला तेव्हां एका कोपऱ्यांत जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखालीं दडपलेली एक फेरारी निघाली. ती एके काळीं आलँ दलाँ या प्रसिद्ध नटाच्या मालकीची होती. फेब्रुवारी २०१५ मध्यें पॅरिस येथें ती धुळीसकट मांडली गेली आणि १ कोटि ६३ लक्ष युरोंस गेली. (जुनीं मासिकें रद्दींत घालावीं असा ज्या घरांत दर दिवाळीस आग्रह होतो, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.)

मालकाच्या नांवानें किंमत चढते, यांत आपल्याकडील संस्थानिकांचाहि वांटा आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे, यांस मोटारींची पारख दांडगी होती. त्यांच्याकरितां अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनीं नारिंगी आणि काळ्या रंगाचा जो साज चढविला, त्याचीं छायाचित्रें आजहि मोटारींवरील ग्रंथांतून मानानें छापलीं जातात. त्यांच्या बुगाटीचेंहि तसेंच. या गाड्या आतां इंदुरास नाहींत. संस्थानें गेलीं, तनखे गेले, आणि कोठारांतील कितीएक गाड्या परदेशीं व्यापाऱ्यांनीं उचलून नेल्या. मागाहून सरकारनें १९५० पूर्वींच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातला, आणि २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील जतन केलेल्या गाड्यांकरितां निराळी नोंदणी सुरू केली. घोडे गेल्यावर तबेल्याला कडी घातली तरी उरलेलीं शिंगरें वांचतात, हें लाभाचेंच म्हणावें.

या वंशावळीचा आणखी एक उपयोग असा कीं, तिच्या बळावर पंगतींत पाट मिळतो. इटलींत ब्रेशिआहून रोमला जाऊन परत येणारी मिले मिलिया ही हजार मैलांची शर्यत १९२७ सालीं सुरू झाली आणि १९५७ सालच्या भीषण अपघातांत प्रेक्षकांचे बळी गेल्यावर बंद पडली. आतां ती जुन्या गाड्यांची वेळ साधून केलेली यात्रा म्हणून भरते. आणि त्या मूळ शर्यतींत ज्या जातीच्या गाड्या धांवल्या, त्या जातीचीच गाडी तींत घेतात. कॅलिफोर्नियांत पेबल बीच येथें १९५० पासून असाच मेळावा भरतो. कोट्यधीशाजवळ दुसरें सर्व असतें. पण या मंडळींत बसावयाचें तर पैशाच्या थैलीवर भागत नाहीं, थैलीनें आधीं कूळ विकत घ्यावें लागतें. ही गोष्ट हास्यास्पद आहे असें आम्हांस वाटतें, परंतु अनोळखी आहे असें म्हणवत नाहीं. ज्यांच्या घरांत कुलवृत्तांताचे जाड ग्रंथ कपाटाच्या वरच्या खणांत असतात, त्यांनीं तरी फार हंसूं नये.

मात्र या वंशावळींत एक रकाना बहुधा रिकामा असतो. चालकाचें नांव असतें, मालकांचीं नांवें ओळीनें असतात, कारखानदाराचें नांव तर गाडीच्या नाकावरच असतें. ज्यानें पत्र्यावर हातोडी मारली त्याचें नांव नसतें. फेरारींचे ते देखणे देह मोडेना येथील स्कालिएत्तीच्या कार्यशाळेंत ॲल्युमिनियमचा पत्रा हातानें ठोकून आकारास आणीत. त्या हातांच्या खुणा पत्र्याच्या आंतल्या अंगास आजहि दिसतात, आणि त्या असल्या कीं किंमत वाढते. हात कोणाचे हें लिहिलेलें नसतें. आणि ज्या पैशांतून संग्रह उभे राहतात, तो पैसा कोणाच्या घामाचा, हाहि प्रश्न याच रकान्यांतला. फ्रान्सच्या अल्सास प्रांतांत हा प्रश्न एकदां रस्त्यावर आला होता.

हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे बंधु तेथील लोंकरीच्या गिरण्यांचे मालक. धाकट्या फ्रिट्झला बुगाटी गाड्यांचें वेड होतें, आणि बुगाटीचा कारखाना त्याच प्रांतांत मोल्सहाइम येथें होता. १९६० नंतर त्यानें जगभर पत्रें पाठवून गाड्या गोळा करण्यास प्रारंभ केला. १९६४ सालीं अमेरिकेंतील एका संग्राहकाकडून त्यानें तीस बुगाटी एका झटक्यांत ८५,००० डॉलरांस घेतल्या आणि त्या आगगाडीवर लादून, पुढें जहाजानें घरीं आणविल्या. म्यूलूझ शहरांतील एका जुन्या गिरणींत या गाड्या दुरुस्त होऊन ओळीनें उभ्या राहत. बाहेर कोणास दाद लागूं दिलेली नव्हती. आंत मात्र पॅरिसच्या तिसऱ्या अलेक्झांडरच्या पुलावरील दिव्यांच्या धर्तीचे शेंकडों दिवे उभारले होते. आणि हें सर्व संग्रहालय आईच्या स्मृतीस अर्पण करावयाचें, असा दोघां भावांचा संकल्प होता. मातृभक्ति खोटी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. पण लोंकरीचा धंदा ढासळत असतां गिरण्यांतून नवीं यंत्रें आलीं नाहींत आणि कोठारांत गाड्या येत राहिल्या. १९७६ सालीं गिरण्या बुडाल्या. बंधु सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडांत गेले. ७ मार्च १९७७ रोजीं रोजगार गमावलेल्या कामगारांनीं त्या इमारतीचे दरवाजे उघडले. चारशेंवर गाड्या, त्यांत शंभरांहून अधिक बुगाटी, चकचकीत पुसलेल्या, दिव्यांच्या रांगांखालीं उभ्या होत्या.

त्या स्त्रीपुरुषांना त्या क्षणीं काय वाटलें असेल, याची कल्पना करण्यास फार प्रतिभा नको. तरी त्यांनीं जें केलें तें आम्हांस या सर्व हकीकतींत अधिक विचार करण्याजोगें वाटतें. त्यांनीं इमारत ताब्यांत ठेविली, ती कामगारांचें संग्रहालय म्हणून लोकांस खुली केली, आणि आपल्या मजुरीचें काय झालें तें येणाऱ्यांस प्रत्यक्ष दाखविलें. सुमारें दोन वर्षें हा कब्जा चालला. घेणेकऱ्यांना गाड्या विकून मोकळें व्हावयाचें होतें. परंतु १९७८ सालीं फ्रेंच सरकारनें संपूर्ण संग्रह ऐतिहासिक ठेवा म्हणून जाहीर केला, त्यामुळें तो फुटला नाहीं. १९८२ सालीं तेथें राष्ट्रीय संग्रहालय उघडलें. श्रीमंतानें गाड्या जमविल्या नसत्या तर त्या भंगारांत गेल्या असत्या, हें खरें. त्या एकाच्या कुलुपांतून निघाल्या त्या मात्र गिरणीकामगारांमुळें, हेंहि तितकेंच खरें. संग्राहकांच्या उपकारांविषयीं लिहिणारे लेखक पहिला अर्धा भाग सांगून थांबतात.

त्या संग्रहालयांतील मानाचीं स्थानें बुगाटी रॉयाल या गाड्यांकडे आहेत. राजेमहाराजांसाठीं म्हणून बांधलेली ही प्रचंड गाडी. इंजिन पावणेतेरा लिटरांचें. तिच्या सहाच प्रती झाल्या आणि मंदीच्या त्या काळांत गिऱ्हाइकें मिळालीं तीं तीनच. एकहि राजा त्यांत नव्हता. शिल्लक इंजिनें शेवटीं आगगाडीच्या डब्यांस लावून खपविलीं. एक रॉयाल तर न्यूयॉर्कच्या भंगारवाल्याकडे पडली होती. एका मोटार-अभियंत्यानें ती चारशें डॉलरांच्या आसपास देऊन वांचविली, आणि आतां ती डिअरबॉर्न येथें हेन्री फोर्डच्या संग्रहालयांत आहे.

पहिलें गिऱ्हाइक आर्माँ एस्दर्स हा कापडाचा व्यापारी. त्यानें १९३२ सालीं उघडी, दोन आसनांची रॉयाल करवून घेतली आणि तिला पुढचे दिवे लावूं दिले नाहींत. रात्रीं गाडी हांकावयाचीच नाहीं, तर दिवे कशास, असें त्याचें म्हणणें. पुढील मालकाला ती उघडी काया आवडली नाहीं, त्यानें ती उतरवून बंद साज चढविला, आणि दिवे नसलेला तो देखणा देह नाहींसा झाला. म्यूलूझला श्लुम्फांच्या सांठ्यांतील मूळचे सुटे भाग घेऊन, जुन्या छायाचित्रांवरून तो देह पुन्हा घडविण्यांत आला आहे. एस्दर्सच्या गाडीचा खरा सांगाडा, निराळ्या साजासह, १९९९ पासून फोक्सवागन कंपनीच्या मालकीचा आहे. म्यूलूझला दोन अस्सल रॉयालांच्या शेजारीं ती तिसरी उभी असते, दिव्यांवांचून, आणि ती नवी घडविलेली आहे हें तेथें कोणी लपवून ठेवीत नाहीं.